दुसरी खेप
(मंडळीच्या सेवा-रविवारी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला विश्वास आणि सेवा या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी उपदेशक नाही. एकतीस वर्षे मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम केले. निवृत्त झाल्यापासून आपल्या मिशनच्या गटाबरोबर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात जाते. तेव्हा जे बोलेन ते प्रयोगशाळेत आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर शिकलेलेच बोलेन.

आधी वचनाकडे वळू. करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय आठवा. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल मदत गोळा करत होता. करिंथच्या मंडळीने वर्षभर आधी मोठ्या उत्साहाने नाव नोंदवले होते. द्यायची इच्छा सगळ्यांच्या आधी त्यांनीच दाखवली होती. मग काम रेंगाळले. पौल त्यांना काय लिहितो ते घरी गेल्यावर जरूर वाचा. तो हुकूम करत नाही, आणि तसे स्पष्ट सांगतो. तो एवढेच सुचवतो की जशी हौसेने इच्छा केलीत, तशीच आता ती तडीस न्या, आणि जे तुमच्याजवळ आहे त्यातूनच न्या.

मला या अध्यायाने फार शिकवले. सेवेची खुशी आपण नेहमी आरंभाला मोजतो. किती जणांनी हात वर केले, किती पाकिटे आली, बसमध्ये किती जण बसले. पौल ती शेवटाला मोजतो. मी माझ्या साध्या भाषेत असे म्हणते की पहिल्या खेपेला आपल्याला उत्साह नेतो, दुसऱ्या खेपेला विश्वास नेतो. आज मला या दुसऱ्या खेपेविषयीच सांगायचे आहे.

आमचे तिथले काम सिकलसेलचे. हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल, पण आजार नेमका काय ते थोडक्यात सांगते. आपल्या रक्तातली लाल पेशी गोल आणि मऊ असते, त्यामुळे ती बारीक रक्तवाहिनीतूनही सहज सरकते. सिकलसेलच्या रुग्णात ती प्राणवायू कमी झाला की विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी वाहिनीत अडकतात आणि त्या भागाला रक्त पोचत नाही. मग हातपाय, पाठ, छाती अशी काही दुखते की धडधाकट तरुणही ओरडतो. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात, लहान मुलांना जंतुसंसर्ग लवकर गाठतो.

हा आजार आईवडिलांकडून येतो. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला. आपल्या राज्यात सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत अनेक आदिवासी भागांत तो आहे, आणि विदर्भात इतर समाजांतही आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असे तिचे ध्येय आहे. आम्ही या कामात सरकारी आरोग्य केंद्राच्या हाताखाली, आशाताईंच्या मागे मागे चालणारी माणसे. स्वतंत्र असे आमचे काही नाही.

आता तपासणी कशी होते ते पाहा. छोट्या नळीत रसायन घ्यायचे, त्यात बोटाचे थेंबभर रक्त सोडायचे. काही मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. नळीतून रेघा दिसल्या तर ठीक. नळी गढूळ झाली आणि रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलसेलचा अंश आहे. पण तो माणूस आजारी आहे की नुसता वाहक, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी शिरेतले रक्त घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागते. तो अहवाल यायला दिवस लागतात. आला की कोणीतरी तो पुन्हा डोंगर चढून त्या घरी न्यावा लागतो, आणि शेजारी बसून समजावून सांगावा लागतो.

म्हणजे या तपासणीतच दुसरी खेप आहे. जो पहिल्या दिवशी रक्त घेऊन गेला आणि परत आला नाही, त्याने त्या घराला काही दिले नाही. एक टोचणी दिली आणि एक भीती मागे ठेवली. एका पाड्यावर आम्हांला एका आजोबांनी दंड पुढे करून सांगितले, "आमचं रक्त लय जणांनी नेलं. कुणी सांगायला आलं नाही." ते रागावून बोलत नव्हते. पाऊस कसा झाला हे सांगावे तसे सांगत होते. मला त्या स्वराचीच लाज वाटली.

परत जाणे सोपे नाही, हेही सांगते. धडगावकडचे पाडे आपल्या गावांसारखे एका जागी नसतात. प्रत्येकाचे घर त्याच्या शेतात, एक या टेकडीवर तर दुसरे त्या उतारावर. गाडी एका ठिकाणी थांबते, पुढे पायीच जावे लागते. शिवाय लोक तिथे असायला हवेत. शहरातल्या मंडळ्यांना नाताळच्या सुट्टीत शिबिर घ्यायला आवडते. हवा छान असते, मुलांना शाळा नसते, जानेवारीच्या अंकाला छायाचित्रेही मिळतात. पण दिवाळीनंतर तिथली निम्मीअधिक घरे कुलूपबंद असतात. कोणी ऊसतोडीला गेलेले, कोणी गुजरातेत मजुरीला. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि काही लेकरे. होळीला मात्र जो तो परत येतो, कारण सातपुड्यात होळीएवढा मोठा सण नाही. म्हणून आमच्या गटाने शिबिराची तारीख होळीच्या आठवड्यावर नेली. ऊन असते, सुट्टी मिळत नाही, परीक्षा जवळ आलेल्या असतात. तरी आपल्या सोयीचा दिवस सोडून त्यांच्या सोयीचा दिवस धरणे, हीच मला वाटते सेवेतली पहिली अर्पणथाळी.

या बदलाने काय झाले ते एका घरावरून सांगते. नावगाव सांगणार नाही, कारण आजाराची गोष्ट त्या घराची आहे.

पाच वर्षांचा मुलगा. थंडीत हातपाय दुखून रात्र रात्र रडायचा, डोळे पिवळट. होळीच्या आठवड्यात आम्ही त्याचे रक्त घेतले, आईचे घेतले, आणि ऊसतोडीवरून आदल्याच दिवशी आलेल्या बापाचेही घेतले. अहवाल घेऊन गेलो तेव्हा वैशाख लागला होता. धडगावकडे त्या दिवसांत घरोघरी आमचुराचे काम चालते. बायका कैऱ्या सोलून चिरत बसतात आणि अंगणभर फोडी वाळत पडलेल्या असतात. आम्हीही एकेक सुरी घेऊन बसलो. आशाताई पावरीत बोलायच्या, मी मराठीत.

मुलाला आजार होता. आई वाहक होती, आणि बापही वाहक होता. नवराबायकोला आम्ही बाजूला नेऊन आधी एकट्यांना सांगितले. तेव्हा ती मुलगी, विशीतलीच असेल, हळू आवाजात म्हणाली, "हे सासूबाईंना सांगा ना." तिचा नवरा खाली बघत होता. मग कळले की दोन वर्षे त्या घरात एकच बोलणे होते, सुनेने माहेरहून रोग आणला. तिला परत पाठवायचे आणि मुलाचे दुसरे लग्न लावायचे, इथवर गोष्ट आली होती.

त्या दोघांच्या संमतीने मी सासूबाईंसमोर बसले. घरातूनच चवळीचे दाणे मागितले, काही लाल, काही पांढरे. म्हटले, "प्रत्येक माणसाकडे असे दोन दाणे असतात, एक आईने दिलेला, एक बापाने. लाल दाणा हा सिकलसेलचा. तुमच्या सुनेकडे एक लाल, एक पांढरा. तिला त्रास नाही. तुमच्या मुलाकडेही एक लाल, एक पांढरा. त्यालाही त्रास नाही. पण लेकराला दोघांनी एकेक दाणा दिला आणि दोन्ही लाल आले. एकटीच्या दाण्याने हा आजार होत नाही." चार वेळा दाणे मांडले. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक वाटा आजाराचा, दोन वाटे वाहकाचे, एक वाटा पूर्ण निरोगीचा, हेही दाण्यांनीच दाखवले.

म्हातारीने बराच वेळ दाण्यांकडे पाहिले. मग आपल्या मुलाच्या वाट्याचा लाल दाणा बोटाने पुढे सरकवून विचारले, "बाई, मग ह्यो माझ्याकडून आला का?"

मी म्हटले, "तुमच्याकडून किंवा याच्या वडिलांकडून. आणि तुम्हांला तुमच्या आईबापाकडून. हा दाणा फार जुना आहे. पूर्वी रानात हिवतापाने माणसे पटापट जायची. एक लाल दाणा असलेली माणसे त्या तापातून जास्त वाचायची. म्हणून तो टिकला. यात कुणाचा गुन्हा नाही."

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे पाहून विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. त्या अंगणात मला तो अध्याय आठवला. लोक आजारात अपराधी शोधतात, आणि बहुधा तो घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसात सापडतो. प्रभूने तो शोधच थांबवला आणि त्या माणसाला बरे केले.

ती म्हातारी क्षमाबिमा काही मागायला गेली नाही. ती उठली, मुलाला पाणी पाजले, आणि सुनेला म्हणाली, "बस, उरलेल्या कैऱ्या मी चिरते." एवढेच. पण आशाताईंनी माझा हात दाबला. आता पोरगा दर महिन्याला सरकारी रुग्णालयात तपासला जातो आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतो. भरपूर पाणी प्यायचे, थंडीत अंग झाकायचे, ताप आला की घरी न थांबता दवाखाना गाठायचा, हे आजीलाच पाठ आहे. त्याला अजून दुखते, पण पूर्वीइतके वारंवार नाही. आजार गेलेला नाही. घर मात्र मोडले नाही.

बंधुभगिनींनो, आम्ही नाताळात गेलो असतो तर बाप भेटला नसता. मग एकट्या सुनेचाच अहवाल त्या घरात पोचला असता. कल्पना करा, त्या कागदाचे काय झाले असते. चांगल्या हेतूने नेलेल्या कागदानेच तिला घराबाहेर काढले असते.

आता एक अवघड गोष्ट बोलते, कारण ती न बोलता पुढे जाणे बरे नाही. एका पाड्यावर कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने मला सरळ विचारले, "मॅडम, तुम्ही चर्चची माणसं. याच्या बदल्यात आमच्याकडून काय पाहिजे?" प्रश्न रास्त होता. त्याच्या जागी मी असते तर मीही विचारला असता. मी म्हटले, "काही नाही. तुझ्या घरच्यांना तपासायचे नसेल तर तेही चालेल. तरी आम्ही पुढच्या महिन्यात येणारच, कारण तुझ्या शेजाऱ्यांचे अहवाल द्यायचे आहेत."

पौलाने फिलेमोनाला लिहिले की तुझा चांगुलपणा जुलमाचा नको, खुशीचा असावा. मला वाटते, हे देणाऱ्याइतकेच घेणाऱ्यालाही लागू आहे. ज्या मदतीला अट जोडली ती मदत राहत नाही, तो सौदा होतो. आणि सौद्यात गरिबाचाच हात नेहमी खाली असतो. आपण का येतो असे कोणी विचारले तर मी प्रभूचे नाव सांगते, लपवत नाही. पण औषधाच्या गोळीबरोबर ते नाव कोणाच्या गळ्याखाली उतरवत नाही. तो मुलगा पुढे चार खेपा आम्हांला नुसता पाहत होता. पाचव्या खेपेला म्हणाला, "तुमच्या नोंदवहीत पाड्यांची नावं चुकीची लिहिलीत, मी करून देऊ का?" आज त्या भागातली आमची नोंदवही त्याच्याच अक्षरात आहे. तो त्याच्या श्रद्धेने जगतो, आम्ही आमच्या. काम दोघांचे आहे.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तेल, द्राक्षारस, जखमा बांधणे, आपल्या जनावरावर बसवणे, हे सगळ्यांना आठवते. पण लूकच्या दहाव्या अध्यायात तो दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट करतो. उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो आणि सांगतो की आणखी काही खर्च लागला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. प्रभूने ही ओळ गोष्टीत उगीच घातली नसावी. त्या जखमी माणसाला रस्त्यावरून उचलणारा जसा हवा होता, तसा नंतर हिशेबाला उभा राहणाराही हवा होता. आणि मधल्या दिवसांत उतारशाळा चालवणारा कोणी हवा होता. आमच्याकडे ते काम आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या परिचारिका करतात. त्यांचे नाव आपल्या अहवालात शेवटी येते, ते आधी यायला हवे.

आपल्याच मातीतले उदाहरण पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातल्या मुलींनाही केडगावच्या मुक्ती सदनात आसरा मिळाला. मुलींना वाचवून आणणे ही पहिली खेप. त्यानंतरची वर्षे मात्र रोजची होती. शेकडो जणींचे जेवण, पाणी, आजारपण, शाळा, विणकाम, शेती, छापखाना. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावलाच प्रभूकडे गेल्या, तोवर हे चालूच होते. त्यांना विदुषी म्हणून जगभर मान होता, कुठेही सुखाने राहता आले असते. त्यांनी रोजचे काम निवडले.

आता आपण काय करायचे? सगळ्यांनी डोंगर चढावा असे मी म्हणत नाही. पौलानेही जे जवळ आहे त्यातून द्यावे असेच म्हटले, जे नाही त्यातून नव्हे. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडपासाठी कोणी सोने आणले, कोणी लाकूड, आणि काही स्त्रियांनी बकऱ्यांचे केस कातून दिले. केस कातणाऱ्या त्या बायांची नोंद पवित्र शास्त्रात आहे. म्हणून आपल्याजवळ असलेल्या गोष्टींतल्याच चार गोष्टी मागते.

पहिली, रक्त. सिकलसेलच्या काही रुग्णांना रक्त चढवावे लागते. आपली मंडळी नाताळात उत्साहाने रक्तदान करते. पण रक्तपेढीतल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. नाताळचे रक्त फेब्रुवारीच्या पुढे कोणाच्या उपयोगी पडत नाही. निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. तरुण संघाने चार गट करून वर्ष वाटून घ्यावे.

दुसरी, दूरध्वनी. अहवाल दिल्यावर गोळ्या चालू आहेत का, पुढची तारीख कोणती, हे आशाताईंना विचारत राहावे लागते. ज्यांना गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही त्या आजी-आजोबांनी महिन्यातून दोन तास हे काम घ्यावे.

तिसरी, गाडी. रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेताना चालक मिळत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी वर्षातले दोन ठरावीक दिवस द्यावेत.

चौथी, नवीन कपडे आणि खाऊ यांच्या ऐवजी गरम चादरी द्याव्यात, आणि त्याही थंडीच्या आधी, ऑक्टोबरात. थंडीने या मुलांच्या वेदना वाढतात. नाताळात वाटलेली चादर अर्धी थंडी उलटून गेल्यावर पोचते.

आणि एक विनंती. उपासनेनंतर दाराजवळ नोंदवही ठेवली आहे. नाव लिहिण्याआधी घरी जाऊन प्रार्थना करा, घरच्यांशी बोला. जमणार नसेल तर मोकळेपणाने नाही म्हणा. मी किंवा पाळकसाहेब तुमच्याकडे वाकड्या नजरेने पाहणार नाही. ज्याला नाही म्हणायची मुभा नाही, त्याच्या हो मध्ये खुशी कुठून येणार? पण ज्यांनी नाव लिहिले, त्यांनी पहिल्या तारखेसमोर दुसरी तारीखही लिहायची आहे. त्या नोंदवहीत तसा रकाना मुद्दाम आखला आहे. दुसऱ्या रकान्यात तारीख नसेल, तर पहिल्या रकान्यातले नाव आम्ही धरणार नाही.

प्रभूने आपल्याला एकदाच भेटून सोडले नाही. तो रोज सकाळी नव्या दयेने येतो. त्याच्याकडून मिळालेले हे परत परत येणे आपण थोडेसे पुढे पोचवू या. आपण जे हौसेने आरंभिले ते तडीस नेण्याचे बळ तो आपल्याला देवो, आणि डोंगरातल्या त्या लेकरांना या थंडीत वेदनेविना झोप देवो. आमेन.